कसं फुटलं ते सांगा

मंगळवार, ३ फेब्रुवारी

समुपदेशन केंद्रातल्या बाईंनी सांगितलं म्हणून लिहितोय. राग आला की लिहा, नाही आला तरी लिहा, मी वाचणार नाही, असं म्हणाल्या. वहीसुद्धा त्यांनीच दिली. मी म्हटलं, बाई, मी फरशी बसवणारा माणूस, माझ्या हातात थापी शोभते. तर म्हणाल्या, थापी राहू द्या, जोडीला पेन घ्या. हसत हसत बोलतात, त्यामुळे उलट बोलता येत नाही.

तर झालं काय, ते एकदा लिहून टाकतो. त्या दिवशी कामावरून आलो, दिवसभर गुडघ्यांवर बसून कंबर पार गेलेली, आणि जेवायला बसतो तर जेवण गार. गरम करायला काय हात मोडले होते का, एवढंच विचारलं. बायकोने तोंड फिरवलं. तोंड फिरवलेलं मला चालत नाही, हे तिला लग्नापासून माहीत आहे. मी ताट भिंतीवर मारलं. भिंतीवर. ती मध्ये आली त्याला मी काय करू? भुवईला टाके पडले. दवाखान्यात मीच नेलं, औषधं मीच आणली, ते कोणी लिहून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो तेवढ्यात ठकीला घेऊन ती तिच्या मोठ्या बहिणीकडे गेली, आणि मग केंद्रातून मला बोलावणं आलं. अर्जात लिहिलंय, नवऱ्याने हात उचलला. हात कुठे उचलला? ताट उचललं.

ठकी माझी मुलगी. दहा वर्षांची. शाळेतलं नाव लांबलचक आहे, मी ठकीच म्हणतो. रविवारी तिला माझ्याकडे पाठवायचं की नाही, हे बाई महिना संपताना ठरवणार आहेत. बायको यायची तेव्हा येईल, नाही तर बसू दे बहिणीच्या दारात. पण ठकी पाहिजे. ती नसली की घर खायला उठतं. रिकाम्या खोलीत मीच माझ्याशी भांडतो आणि मीच हरतो.

बाईंनी मला कामही मिळवून दिलंय. सरकारी दवाखान्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर लोकांच्या घरातल्या फुटक्या कपबश्या बसवून कसलं तरी मोठं चित्र करायचंय. तिथे नीट वागा, म्हणाल्या, म्हणजे तुमच्याबद्दल चार बरे शब्द लिहायला माझ्याकडे काहीतरी असेल. आयुष्यभर लोकांच्या घरात एका रेषेत लाद्या बसवल्या, आता फुटक्या कपबश्या बसवा. असो. ठकीसाठी तेही करू.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

काम सुरू झालं. चित्र करणारी बाई तिशीची असेल, केस बारीक कापलेले, पायात रंगाने माखलेले बूट. मी मनातल्या मनात तिचं नाव बूटवाली ठेवलंय. सिमेंटचा माल कालवायला एक मावशी आहे, हाताखाली घेण्यासारखी, कामाला वाघ, बोलायला महाग.

बूटवालीचे नियम ऐकून मी कपाळावर हात मारला. घरात फुटलेलीच वस्तू आणायची, अख्खी आणून इथे फोडायची नाही. आणणाऱ्याने कसं फुटलं ते एका वाक्यात सांगायचं. ते वाक्य ती भिंतीच्या प्लास्टरवर पेन्सिलने लिहिते आणि त्याच्यावर मी माल लावून तुकडे बसवतो. म्हणजे वाक्य कायमचं भिंतीच्या पोटात गेलं. मी विचारलं, कोणी वाचायचंच नाही तर लिहायचं कशाला? ती म्हणाली, सांगून तर झालं ना. मला काही पटलं नाही. वाचणारा मी एकटाच, तेही माल थापायच्या आधी घाईघाईत.

रांग दवाखान्याच्या फाटकापर्यंत. बहुतेक सगळ्या बायका. पिशवीत, रुमालात, वर्तमानपत्रात गुंडाळून तुकडे आणलेले. काहींनी किती वर्षं जपून ठेवले होते देव जाणे. आणि वाक्य मात्र सगळ्यांचं एकच. हातून पडलं. निसटलं. धक्का लागला. मांजराने पाडलं. जेवताना मावशीला म्हटलं, या गावात सगळ्यांच्या हाताला तेल लागलंय की काय. ती हसली नाही. डबा झाकून उठली.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आज मजा झाली. एक बाई निळ्या बशीचे तुकडे घेऊन आली. पडली, म्हणाली. मी बांबूच्या परांचीवरून खाली वाकून पाहिलं आणि माझ्या तोंडून गेलं, की ही पडलेली नाही. पडलेली बशी काठावर आपटते, काठाचा टवका उडतो, दोन-तीन मोठे तुकडे होतात. ही बरोबर मधून फुटलेली, सगळीकडे चिरा गेलेल्या, नखाएवढे तुकडे. सपाट आपटलीय, जोरात, जवळून. हे मी सगळं बोलून गेलो. बाई माझ्याकडे बघत राहिली. मग बूटवालीला हळू म्हणाली, "ते खोडा. लिहा, त्याने फेकली."

मग काय, रांगेतल्या बायका आपले तुकडे आधी मलाच दाखवायला लागल्या. मिस्त्री, हे बघा. मिस्त्री, ह्याचं सांगा. मी सांगत गेलो. हे पडलेलं. हे फेकलेलं. हे आधी कोणाच्या तरी अंगावर बसून मग खाली पडलंय, म्हणून एकाच बाजूने गेलंय. एकीही माझं खोटं आहे म्हणाली नाही. बूटवाली लिहून लिहून थकली. भिंतीवर आज 'फेकलं'चंच पीक आलं.

दुपारी मावशीने विचारलं, एवढं कसं काय कळतं मिस्त्री तुम्हाला? मी म्हटलं, अनुभव. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पुन्हा माल कालवायला लागली. तिलाही आता थोडं थोडं ओळखता येतं. हुशार बाई आहे.

घरी आल्यापासून मन भरून येतंय. कसले कसले नवरे असतात. एकाने उकळती किटली बायकोवर हाणलेली, तिच्या मानेवरची कातडी अजून चकाकते. अशी माणसं उजळ माथ्याने हिंडतात आणि माझ्यासारख्याला केंद्रात बाकावर बसवतात.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

साडूच्या फोनवर ठकीशी बोललो. साडू म्हणजे मेहुणीचा नवरा, गरीब गाय आहे, फोन लगेच देतो. ठकीला भिंतीबद्दल सगळं सांगितलं, बाप कसा ओळखतो तेही. म्हटलं, एकदा बघायला ये. "तुम्ही जेवलात का?" असं विचारलं तिने. तुम्ही! जन्मल्यापासून मला अरे-तुरे करणारी पोर. मेहुणीने वळण लावलेलं दिसतंय, बरंच झालं, बापाला मान दिलेला चांगला.

पण पुढे बोलतोय तोच मागून मेहुणीचा आवाज आला, झालं आता, ठेव. आणि फोन बंद. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला फोन सरळ मोरीवरच्या आरशात. फोन वाचला, आरशाचा भुगा. तसाही जुनाच होता. तुकडे गोळा करताना वाटलं, भिंतीसाठी नेऊ, चकाकतील छान. मग आठवलं, वाक्य सांगावं लागेल. कचऱ्यात टाकले.

सोमवार, १६ फेब्रुवारी

उजव्या हाताला पट्टी आहे, अक्षर वेडंवाकडं येणार.

बेकरीवाल्याची म्हातारी आई एक मोठा जाड वाडगा घेऊन आली. पडला म्हणाली. मी तुकडे जुळवून पाहिले तर वाडगा काठावर नाही, बुडाकडून फुटलेला, कुठल्या तरी गोल वस्तूवर आपटावा तसा. तसं बोललो. म्हातारीने डोक्यावरचा रुमाल सोडला. केसांत चार बोटं लांबीची जखम, अजून ओली. "पोराने," म्हणाली. "भट्टी विझू दिली म्हणून."

माझ्या डोळ्यांसमोर लाल झालं. परांचीवरून उडी टाकली, हातात रबरी हातोडा होता तो तसाच घेऊन बेकरीत शिरलो. तो गिऱ्हाइकाला पाव बांधून देत होता. काय पाहिजे म्हणाला. मी हातोडा त्याच्या कानावर ठेवून दिला. तो काचेच्या कपाटावर कोसळला, काच फुटली, गिऱ्हाईक पळालं. मग त्याला कॉलरला धरून वर काढला आणि तोंडावर बुक्क्या घातल्या, एक, दोन, किती ते माहीत नाही. दात माझ्या बोटांच्या हाडांना लागत होते ते कळत होतं. आईवर हात टाकतोस, असं मी ओरडत होतो म्हणे. त्याच्या नाकातून रक्त येऊन पावांवर पडलं. तो खाली पडल्यावर बरगडीत लाथ घातली तेव्हा त्याचा आवाज एखाद्या पोरासारखा निघाला, तेव्हा थांबलो.

पोलिसांत गेला नाही. जाईल कोणत्या तोंडाने? मी कितीही रागीट असलो तरी आईवर, बायकोवर असा धावून जाणारा नाही. केसांना तर मी कधी धरलं नाही. एकदाच धरलं होतं, तेही दारातून आत घेण्यासाठी, शेजारी बघत होते म्हणून.

बूटवालीचं तोंड दिवसभर पांढरं. तिला वाटलं होतं लोक फक्त कपबश्या आणतील.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

मला वाटलं होतं म्हातारी दुवा देईल. सकाळी आली ती डावा हात गळ्यात बांधून. सगळ्यांसमोर माझ्यापुढे उभी राहिली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" म्हणाली. "तुम्ही मारून तुमच्या घरी गेलात. मी त्याच्याबरोबर त्याच घरी गेले."

मी म्हटलं, आजी, पुन्हा हात लावला तर मला सांगा, यावेळी उठूच देत नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच तिचा हात मोडला. मग वाडग्याचे तुकडे परत मागितले. अर्धे मी बसवले होते. उरलेले घेऊन गेली.

माणसाने कोणाचं भलं करायला जाऊ नये. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

शनिवार, २१ फेब्रुवारी

आज जे झालं ते व्हायचंच होतं. गेल्या दहा दिवसांत बायका घरी जाऊन काय काय बोलल्या असतील, आणि नवऱ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आमच्या घरातलं चव्हाट्यावर मांडता, असं म्हणत संध्याकाळी आठ-दहा जण आले. पुढे बेकरीवाला, तोंड अजून सुजलेलं. हातात पहारी, लोखंडी सळया. बूटवाली मध्ये गेली, बोलू म्हणाली. तिला ढकलून दिलं, ती चुन्याच्या ढिगात पडली.

मग भिंतीवर पहारी बसायला लागल्या. माझ्या हाताने बसवलेलं काम, ओळंबा लावून बसवलेलं, असं उडत होतं. तुकडे अंगावर येत होते. मावशी जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली, हात पसरून. म्हातारं माणूस, बाईमाणूस, काही पाहिलं नाही, एकाने सळई घातली. मनगटावर बसली. काडी मोडावी तसा आवाज मी इतक्या लांबून ऐकला.

मी थापी घेऊन घुसलो. ज्याने सळई मारली त्याच्या गालावर थापी आडवी ओढली. गाल कानापासून ओठापर्यंत उघडला. रक्ताने त्याचा शर्ट भरला आणि तो गाल हाताने मिटून धरत खाली बसला. दुसऱ्याच्या गुडघ्यावर हातोडा. तिसऱ्याने मागून माझ्या पाठीत पहार घातली, दम कोंडला, तरी वळून त्याचं डोकं परांचीच्या खांबावर आपटलं. दवाखान्याचे वॉर्डबॉय धावत आले, पोलीस आले. सगळे जखमी त्याच दवाखान्यात, शेजारी शेजारी खाटांवर. हसूच येत होतं.

बाहेर आलो तेव्हा रस्त्यावर गर्दी भिंतीकडे बघत उभी होती. जिथे जिथे तुकडे पडले होते, तिथे मालासकट निघून खालची पेन्सिल उघडी पडलेली. फेकलं. फेकून मारलं. त्याने. त्यानेच. दारू नव्हता प्यायला. लोक मोठ्याने वाचत होते. पुरुष माणसं मान खाली घालून निघून जात होती. मावशी हाताला प्लास्टर घालून बाहेर आली, तिनेही वाचलं आणि म्हणाली, आता झाकू नका. बूटवालीला रडू आवरत नव्हतं.

पोलिसांनी माझा जबाब घेतला, पण बचाव केला म्हणून सोडलं. पाठ काळीनिळी झालीय. खरं सांगू? फार दिवसांनी अंग मोकळं झालंय. आज झोप लागेल.

सोमवार, २३ फेब्रुवारी

बूटवालीने बाजूला घेऊन सांगितलं, यापुढे तुम्ही फक्त बसवायचं. पडलं की फेकलं ते कोणाला सांगायचं नाही, ज्याचं त्याने सांगू दे. केंद्रातल्या बाईंचाही तसाच निरोप. म्हणजे भिंतीला जीव कोणी आणला, मी. मार कोणी खाल्ला, मी. आणि आता तोंडाला कुलूप.  रविवार डोळ्यांसमोर ठेवला आणि गप्प बसलो. दात इतके आवळले की संध्याकाळी जबडा दुखत होता.

बाया मात्र येतच आहेत. पूर्वीपेक्षा जास्त. उघडी पडलेली वाक्यं तशीच ठेवलीत, नवीन मात्र पूर्वीसारखीच झाकतो. मावशी एका हाताने माल कालवते. येऊ नका म्हटलं तरी येते.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

कसं लिहू? 

केंद्रातल्या बाई आज मला कामावर बघायला आल्या होत्या. परवानगीचं ठरवण्याआधी एकदा येऊन जाईन म्हणाल्या होत्या. मी परांचीवर, शर्ट इस्त्रीचा घातलेला. आणि रांगेत ठकी. समोरच्या फुटपाथवर तिची आई उभी होती, मेहुणीच्या खांद्याआड, भुवईवर पांढरी रेघ. इतक्या दिवसांनी ठकीला पाहिलं. उंच झालीय. हाक मारणार होतो, पण तिने वर पाहिलंच नाही.

पाळी आली तशी तिने दप्तरातून एक जुना पायमोजा काढला. मावशीने तो टेबलावर मोकळा केला. पांढरे तुकडे, काठाला निळी बारीक रेघ. मी लगेच ओळखलं. आमच्याच घरातलं ताट. त्या दिवशीचं. पोरीने कधी गोळा केलं असेल? मी तर सगळं झाडून टाकलं होतं.

मावशी तुकडे बोटाने पसरत होती. मधून चांदणीसारख्या चिरा, नखाएवढे तुकडे, काठ मात्र लांबच्या लांब धड. तिने मान वर केली नाही. रांगेतल्या दोन-चार बायका वाकून बघत होत्या. आता त्यांनाही कळतं ना, मीच शिकवलंय. बूटवालीने पेन्सिल घेतली आणि विचारलं, काय लिहू बाळा?

ठकीने पहिल्यांदा वर माझ्याकडे पाहिलं. मग केंद्रातल्या बाईंकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"माझ्या हातून पडलं," म्हणाली.

 बूटवाली पेन्सिल धरून थांबली, आणि सगळ्या माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. मला बोलायची बंदी आहे हे सगळ्या विसरल्या.   एक शब्द, आणि रविवार गेला, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि दुसरा शब्द तर पोरीने स्वतःहून माझ्या हातात दिला होता. मी काय एवढा मूर्ख आहे?

"पडलंय," मी म्हटलं. "पडलेलंच आहे."

मावशीने हातातला तुकडा टेबलावर ठेवला, चांगला हात धुतला आणि निघून गेली. अर्ध्या दिवसाची हजेरी सोडून. बूटवालीने लिहिलं. मी त्याच्यावर माल लावला. पोरीच्या तोंडचं वाक्य झाकताना थापी दोनदा घसरली, माल पातळ झाला होता म्हणून असेल. तुकडे बसवून झाले तेव्हा खाली ठकी नव्हती, समोरचा फुटपाथही मोकळा.

घरी येऊन मी रडलो. अगदी हमसून हमसून. सगळं जग एका बाजूला आणि माझी लेक माझ्या बाजूला. तिला बापाची लाज राखावीशी वाटली. असं लेकरू ज्याचं आहे तो माणूस वाईट कसा असेल?

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

मिळाला! एक रविवार, दोन तास, घराचं दार उघडं ठेवायचं, मेहुणी खाली जिन्याजवळ बसून राहणार. पुढचं त्यानंतर बघू, असं बाई म्हणाल्या. नेहमीसारख्या हसल्या नाहीत. मुलगी स्वतः येते म्हणाली, असंही म्हणाल्या. मावशी कामावर आली नाही.

मी सरळ बाजारात गेलो. घरातली काचेची, चिनी मातीची सगळी भांडी पोत्यात भरून भंगारवाल्याला दिली. स्टीलची ताटं आणली, स्टीलचे पेले, स्टीलच्या वाट्या. दुकानदार म्हणाला, लग्न आहे का घरात? म्हटलं, लग्नापेक्षा मोठं. आता घरात फुटण्यासारखं काही उरलं नाही.

रविवार, १ मार्च

सकाळी उठून घर धुऊन काढलं. अंडी, पाव, लोणी, तिला आवडतं ते सगळं. ती आली, दारातच उभी राहिली. चपला काढ म्हटलं तर राहू द्या म्हणाली. मी म्हटलं, राहू दे. स्वतःशी ठरवलंच होतं, आज काहीही झालं तरी राहू दे.

टेबलाच्या कडेला बसली, दाराच्या बाजूला. किती शहाणी झालीय, खुर्ची ओढली तरी आवाज नाही, पेला ठेवला तरी आवाज नाही. मी नवीन ताटात वाढलं. शाळेचं विचारलं, बरी चाललीय. आईचं विचारलं, बरी आहे. मग राहवेना. म्हटलं, ठके, त्या दिवशी तू पडलं का म्हणालीस?

ती ताटाकडे बघत म्हणाली, "तुम्ही तिथे होतात ना."

ऐकून माझा ऊर भरून आला. मी तिथे होतो म्हणून! चारचौघांत बापाची मान खाली जाऊ नये म्हणून. तिच्या डोक्यावरून हात फिरवायला उठलो तर ती खुर्चीत आक्रसली, दमली असेल. मी हात मागे घेतला. ताटात अर्धं अंडं तसंच. म्हटलं, संपव. पोट भरलं म्हणाली. अगं, बाप पहाटेपासून उभा आहे, म्हटलं, दोन घास तरी. तिने तोंड दाराकडे फिरवलं.

मी तिचं ताट उचललं, मोरीकडे ठेवायला. ते हातातून सुटलं. स्टीलचं ताट म्हणजे आवाज किती होतो, सगळ्या इमारतीने ऐकला असेल. भिंतीला लागून जमिनीवर बराच वेळ गरगरत राहिलं. मी वळलो तेव्हा खुर्ची रिकामी. जिन्यावर चपलांचा आवाज, खाली मेहुणी ओरडत होती, मग रिक्षा सुरू झाल्याचा आवाज. दोन तासांतला एक ताससुद्धा झाला नव्हता.

तिला लागलं नाही. ती या बाजूला बसली होती, ताट त्या बाजूला गेलं.

ताट उचलून खिडकीशी उजेडात धरलं. कुठे टवका नाही, चीर नाही, साधा पोचाही नाही. मावशी असती तरी तिला काही सांगता आलं नसतं. बूटवालीला नाही, कोणालाच नाही. ताट घासून, पुसून बाकीच्यांत उभं करून ठेवलं. उद्या सकाळी केंद्रात बोलावतील. बाई विचारतील. मी सांगेन, हातून पडलं.